ओहोटीची वेळ साधा आणि कुलाबा पाहून या



भात झोडून कणगीत पडले, हरभरा-मसुराची पेर उरकली, की मावळातल्या शेतकऱ्याला चार दिवसांची उसंत मिळते. या दिवसांत आपण देवदर्शनाला जातो, लेकीकडे जातो, लग्नकार्ये करतो. परंतु घरातल्या सगळ्यांनी मिळून नवा मुलूख पाहावा, असे फारसे घडत नाही. गेल्या मार्गशीर्षात शिरगावातल्या अठरा मंडळींनी तो बेत केला आणि मलाही सोबत घेतले. अलिबागचा समुद्र, त्यातला कुलाबा किल्ला आणि तिकडची खारी शेती, एवढे आम्ही सकाळी आठ ते दुपारी एक या अर्ध्या दिवसात पाहिले. तुम्हालाही तसेच जाता यावे म्हणून सगळी हकीकत क्रमाने सांगतो. माझ्या शेतीखात्यातल्या नोकरीतली एक जुनी चूकही तिच्यात आली आहे. ती तुमच्या उपयोगाची आहे, म्हणून लपवीत नाही.

आधी तिथी पाहा

कुलाबा किल्ला किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत, पाण्यातल्या खडकावर उभा आहे. ओहोटीला पाणी मागे सरते आणि वाळू-खडकातून चालत जाता येते. भरतीला तीच वाट पाण्याखाली जाते. म्हणून या सहलीचा दिवस कॅलेंडरातला रविवार पाहून ठरवायचा नाही. तो तिथी पाहून ठरवायचा.

कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. तिथीचा आकडा पाऊणपट करावा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमच्यातल्या एका आजोबांना जुन्या शाळेतली पाउणकी अजून पाठ होती. ते लगेच म्हणाले, "चार पाउणे तीन!" म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी. शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांत हिशेब हाच. भरतीची वेळ रोज पाऊण तासाने, कधी त्याहून थोडी जास्त, पुढे सरकते, म्हणून हा पाढा लागू पडतो. तरी अर्ध्या तासाचा फरक पडू शकतो. किनाऱ्यावर पोचल्यावर स्थानिक माणसाला वेळ विचारूनच पाण्याकडे वळावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुनवेच्या आणि अवसेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी चढते खूप आणि उतरतेही खूप. अष्टमी-नवमीला भांग असतो. तेव्हा पाणी पुरते उतरत नाही आणि ओहोटीतही वाटेवर पाणी राहू शकते. म्हणून तृतीया किंवा चतुर्थी बरी. आम्ही वद्य चतुर्थी धरली. संकष्टी होती आणि किल्ल्यात गणपती आहे, म्हणून बायाबापड्याही खूष झाल्या. उपासाची रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू बरोबर घेतले.

घाट उतरताना

पहाटे साडेचारला सोमाटणे फाट्यावरून गाडी निघाली. शिरगाव ते अलिबाग सुमारे ११० किलोमीटर. लोणावळा, खंडाळा, खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड असा रस्ता. वाटेत कोठे खोळंबा झाला नाही, तर तीन-साडेतीन तास लागतात.

हा रस्ता आपल्या मुलखाला नवा नाही. दोन हजार वर्षांपूर्वी चौल आणि कल्याण बंदरांत उतरलेला माल बोरघाट चढून आपल्या मावळातूनच देशावर जात असे. कार्ला-भाज्याची लेणी याच वाटेवर कोरली गेली. कार्ल्याच्या खांबांवर दूरदूरच्या गावच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. ते लोक या वाटेने येत-जात होते.

लोणावळ्याच्या अलीकडे वळवण लागले तेव्हा बाहेर अंधार होता. मी मुलांना जागे केले आणि तिथली गोष्ट सांगितली. दर्यावर नाव गाजवणारे कान्होजी आंग्रे यांचे मूळ घराणे मावळातल्या आंगरवाडीचे, आणि त्या गावावरूनच आंग्रे हे आडनाव पडले, असे सांगतात. १७१३ साली कान्होजी ताराबाईंच्या बाजूने होते. शाहू महाराजांनी त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पाठवले. कान्होजींनी पिंगळ्यांनाच कैद केले आणि आपला लोहगड घेतला. पुढे बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले. त्यांनी फौजेचे बळ न दाखवता वळवणला कान्होजींची भेट घेतली आणि १७१४ साली तह झाला. कान्होजींकडे आरमाराची सरखेली राहिली, छत्रपतींना त्यांची निष्ठा मिळाली, पिंगळे सुटले. दोघांनी एकमेकांना वाट दिली आणि राज्य सावरले. गाडीतला एक मुलगा डोळे चोळत म्हणाला, "म्हणजे समुद्राचं भांडण आपल्या लोणावळ्यात मिटलं!" अगदी तसेच झाले.

पोयनाडच्या आसपास उजाडले. येथून जवळच चरी गाव आहे. शेतकऱ्याने या गावाला हात जोडावेत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी येथे पंचवीस गावांच्या कुळांची सभा भरली. खोतीच्या जाचाला कंटाळून त्यांनी जमिनी न कसण्याचा निर्धार केला. पुढारी होते नारायण नागू पाटील. स्वतःच्या हाताने राखलेल्या शेतात पेरायचे नाही, हे बोलायला सोपे आहे. या माणसांनी ते १९३९ पर्यंत पाळले. मोलमजुरी केली, लाकूडफाटा विकला, परंतु खोताच्या जमिनीत नांगर घातला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला आणि १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. कसेल त्याची जमीन, हे आज आपण सहज बोलतो. त्यामागे अशा उपाशी राहिलेल्या घरांचे पुण्य आहे.

पाण्यातून किल्ल्यात

आठला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो. तिथल्या एका वयस्क कोळीदादांना वाटाड्या म्हणून बरोबर घेतले. त्यांनी आधी सगळ्यांना मोजले, मग बजावले, "साडेदहाच्या आत सगळी मंडळी परत काठावर. कुणी मागं राहायचं नाही." हे बोलणे हलके घेऊ नका. जगात जिथे जिथे असे ओहोटीत चालत जायचे बेट आहे, तिथे माणसे अडकतात. स्कॉटलंडमध्ये एडिंबरो शहराजवळ क्रॅमंड नावाचे बेट आहे. तिथे भरती-ओहोटीच्या वेळा सांगण्याची सोय आहे. तरीही अडकलेल्या लोकांना आणण्यासाठी बचावाची बोट वारंवार धावते. दर्या कुणासाठी थांबत नाही.

ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाड्या असतात. आम्ही बहुतेक जण चालत निघालो. वाटेत कोठे घोट्याएवढे पाणी, कोठे शेवाळलेले खडक. पायांत पट्ट्याची चप्पल असावी. अनवाणी गेल्यास कालवांच्या कडांनी पाय कापतात.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० साली सुरू केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराज गेले. पुढे संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. कान्होजी आंग्र्यांनी इथून दर्या राखला. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून या किल्ल्यावर चालून आले आणि हात हालवीत परत गेले. कान्होजी १७२९ साली वारले. १८४० साली कंपनी सरकारने आंग्र्यांचे संस्थान खालसा केले. या किल्ल्यावरून जिल्ह्यालाही कुलाबा हेच नाव होते. १९८१ साली ते बदलून रायगड झाले.

किल्ल्याला सतरा बुरूज आहेत. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरमधल्या लो मूर कारखान्याचे नाव आणि १८४९ हे साल आहे. म्हणजे आंग्र्यांचे राज्य गेल्यावर आलेल्या या तोफा. मुले त्यांवर चढू पाहतात. त्यांना चढू देऊ नका.

गणपतीचे मंदिर राघोजी आंग्रे यांनी १७५९ साली बांधले. पाच देवतांचे हे पंचायतन आहे. आमच्या बायांनी दुर्वा घरूनच नेल्या होत्या. शांतपणे दर्शन झाले.

खाऱ्या दर्यात गोडे पाणी

किल्ल्याच्या आत गोड्या पाण्याची विहीर आहे. चारी बाजूंना समुद्र आणि मध्ये गोडे पाणी, याचे सगळ्यांना नवल वाटते. कोणी देवाची कृपा म्हणते. ती आहेच. परंतु तिचे कारणही समजून घ्या.

या किनाऱ्यावर वर्षाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. किल्ल्याच्या आवारात पडलेले पाणी खडकाच्या भेगांत मुरते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून ते जड. पावसाचे पाणी हलके. हलके पाणी जड पाण्यावर तरंगते, आणि खडकात तर ते सहसा ढवळलेही जात नाही. पोहऱ्याने बेताने उपसले, तर वरचे गोडे पाणीच हाती येते. त्याच जागी मोठा पंप लावून उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर बिघडते. किनाऱ्यावरच्या कित्येक विहिरी अशाच खाऱ्या झाल्या आहेत. आपल्या मावळात खारे पाणी नाही, परंतु उपशाचा नियम तोच आहे. वर जेवढे मुरते तेवढेच खालून काढावे. शेजाऱ्याने बोअर खोल नेली म्हणून आपणही नेली, तर दोघांचीही आटते.

तटाचा दगड आणि माझी चूक

आता मुख्य गोष्टीकडे येतो. कोळीदादा आम्हाला तटाच्या बाहेरच्या बाजूला घेऊन गेले. मोठमोठे दगड एकावर एक ठेवलेले आहेत आणि त्यांच्या सांध्यांत चुना भरलेला नाही. मी विचारले, "दादा, चुना का नाही?" ते म्हणाले, "लाट येऊन आपटते. पाणी फटीत शिरतं. तिथं तिचा जोर मोडतो. मग पाणी आल्या वाटेनं माघारी जातं. फट बुजवली असती, तर लाटेनं सगळा दगड रेटला असता."

आमच्यात सत्तरीच्या एक मावशी होत्या. त्यांनी दोन दगडांमधल्या फटीत बोटे घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊसाहेब, बघा. वाट दिलीय."

बाकी मंडळींना त्यात काही विशेष वाटले नाही. मला मात्र मान वर करवेना. त्याचे कारण सांगतो.

माझी नोकरी नवी होती. बी.एस्सी.ची पदवी ताजी होती आणि डोक्यात एकच विचार होता, की पाणी अडवायचे. या मावशींच्या मालकांचे उतारावर भाताचे खाचर होते. वरच्या अंगाला जुना बांध, आणि त्याच्या एका कडेला दगड रचलेला सांडवा. त्यातून पाणी वाहून जाताना पाहून मला वाटले, हे पाणी फुकट चालले. मी बांध हातभर वाढवायला सांगितला आणि सांडवा बुजवायला लावला. मालक म्हणाले, "माझ्या आज्यानं ठेवलाय तो." मी वहीत आकडे मांडून त्यांना गप्प केले.

त्या वर्षी आषाढात तीन दिवस झड लागली. तिसऱ्या रात्री बांध फुटला. नुकती लावलेली तीन खाचरे दगड-मातीखाली गेली. सकाळी मी धावत गेलो, तर दोघे नवरा-बायको चिखलातून रोपे वेचत होती. त्यांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मावशींनी चहा दिला. निघताना एवढेच म्हणाल्या, "पाण्याला वाट द्यावी लागती, भाऊसाहेब." त्या साली त्यांना खायला भात विकत घ्यावा लागला. पुढे आम्ही मिळून तो सांडवा पुन्हा बांधला. मालक आता हयात नाहीत. खाचर आहे, त्यात इंद्रायणी पिकते आणि सांडवाही जागेवर आहे.

तीनशे वर्षांवर समुद्राच्या लाटा खाऊन कुलाब्याचा तट उभा आहे, कारण बांधणाऱ्याने पाण्याला वाट ठेवली. मावशींच्या आजेसासऱ्यांनाही तेच कळले होते. मला मात्र पदवी घेऊनही कळले नव्हते.

खारबांध आणि उघाडी

साडेदहाच्या आत आम्ही काठावर आलो. पाऊण तासाने मागे वळून पाहिले, तर आमच्या वाटेवर पाणी चढू लागले होते. गावात आंग्र्यांच्या समाधीचे दर्शन घेतले. चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी बिघडणार, म्हणून १९०४ साली ती इथे सुरू झाली. आत जायचे तर परवानगी लागते.

नंतर खारी शेती पाहायला गेलो. ही मावळच्या शेतकऱ्याने जरूर पाहावी. खाडीकाठची ही जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीहून खाली असते. तिच्याभोवती मातीचा उंच बांध घालतात, तो खारबांध. त्यात जागोजागी झडपेची दारे ठेवतात, त्यांना उघाडी म्हणतात. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि जादा पाणी निघून जाते. दिवसातून दोनदा हे काम आपोआप चालते.

बांधाला भगदाड पडले, तर त्याला इकडे खांड म्हणतात. खांड पडली की समुद्र शेतात येतो. मग ते मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत दोन-तीन वर्षे नीट पीक येत नाही. खांडीचे मूळ कारण पुष्कळदा अगदी लहान असते. खेकड्याचे एक बीळ पुरते. म्हणून खारबांधाची डागडुजी एकट्यादुकट्याचे काम नसते. एकाच्या बांधाला खांड पडली तर सगळ्यांची शेती बुडते, हे तिथे लहान पोरालाही ठाऊक आहे. आपल्याकडे मात्र वरच्या खाचरवाल्याचा बांध फुटला तर खालचा म्हणतो, तो त्याचा प्रश्न. त्याच पाण्याने रात्री याचेही खाचर जाते.

भात निघालेल्या रानात पांढऱ्या कांद्याची रोपे नुकती लागली होती. अलिबागच्या या गोड कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो ज्या गावांत होतो, त्यांत कार्ले आणि खंडाळे ही नावे ऐकून आमची मंडळी हसली. आपलीच गावे खाली उतरून आली की काय! उन्हाळ्याच्या तोंडाशी गेलात, तर कांद्याच्या वेण्या घालून विकायला ठेवलेल्या दिसतील. भातानंतर जमीन पडीक न ठेवता, उरल्या ओलीवर आणि बेताच्या पाण्यावर नगदी पीक काढायचे, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे.

एक वाजता आम्ही जेवून गाडीत बसलो. उपासवाल्यांनी रताळी खाल्ली.

तुम्ही जाल तेव्हा

पावसाळ्यात किल्ल्याकडे जाऊ नये. वाटाड्या माहीतगार आणि तिथलाच घ्यावा. ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी निघावे आणि पूर्ण झाल्यावर तास-दीड तासात परतावे. म्हाताऱ्यांना आणि लहान मुलांना मधल्या फळीत चालवावे. पिण्याचे पाणी बरोबर न्यावे.

आणि घरी आल्यावर एक काम करावे. पाऊस लागण्यापूर्वी आपल्या बांधावर एक फेरी मारावी. खेकड्यांची बिळे ठासून बुजवावीत. सांडवा बुजला असेल तर मोकळा करावा. ताजमातीच्या भरावात तो काढू नये. बाजूच्या कठीण जमिनीवर काढावा आणि त्याच्या तळाला दगड बसवावेत. मोठ्या बांधाला सांडव्याची पातळी बांधाच्या माथ्यापेक्षा निदान हातभर खाली असावी. वरून जितके रान पाणी देते, तितका तो रुंद हवा. पाणी जरूर अडवा, परंतु जादा झालेल्या पाण्याला आधीच वाट करून ठेवा. वाट ठेवली नाही तर ते स्वतः वाट काढते आणि ती आपल्या पिकातून जाते.

संध्याकाळी आम्ही घाट चढून शिरगावात आलो. रात्री चंद्रोदयाला बायांनी अंगणात चंद्राला अर्घ्य दिले आणि उपास सोडला. मावशी मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, सकाळी आपल्याला वाट दिली ती यानंच ना?" मी म्हटले, "होय मावशी, यानंच." त्यांनी पुन्हा हात जोडले आणि मला जेवायला बसवले.